क्लासिक मोटारींची स्लॅलम स्पर्धा

क्लासिक मोटारींची स्लॅलम स्पर्धा हा जुन्या मोटारी जतन करणाऱ्या हौशी मंडळांकडून आयोजित केला जाणारा मोटारक्रीडेचा एक प्रकार होय. एखाद्या सपाट, बंदिस्त पटांगणावर रबरी किंवा प्लास्टिकचे शंकू मांडून नागमोडी मार्ग आखला जातो. एका वेळी एकच चालक त्या मार्गावरून मोटार नेतो व त्याला लागलेला वेळ मोजला जातो. शंकूला धक्का लागल्यास ठरावीक सेकंदांचा दंड मिळवला जातो. स्पर्धक एकमेकांच्या शेजारून धावत नसल्यामुळे ही शर्यत नसून कौशल्याची चाचणी मानली जाते. मार्ग आखूड व वळणांचा असल्याने इंजिनाच्या ताकदीला त्यात मर्यादित वाव मिळतो. चालकाचा अंदाज, हाताची सफाई आणि आपल्या वाहनाची अचूक जाण यांवर निकाल अवलंबून असतो. त्यामुळेच पन्नास-साठ वर्षांपूर्वीच्या मोटारींनाही हा प्रकार मानवतो.

नाव व व्युत्पत्ती

'स्लॅलम' हा शब्द नॉर्वेजियन भाषेतून आला आहे. त्यातील पहिल्या घटकाचा अर्थ 'उतार' व दुसऱ्याचा 'बर्फावर उमटलेली वाट' असा होतो. प्रारंभी हा शब्द उतारावरून वळणे घेत बर्फावर घसरत जाण्याच्या खेळासाठी वापरला जाई. ब्रिटिश क्रीडासंघटक आर्नल्ड लुन यांनी १९२२ मध्ये स्वित्झर्लंडमधील म्युरेन येथे आधुनिक पद्धतीची स्लॅलम स्पर्धा भरवली. खांबांमधून वळणे घेत कमीत कमी वेळात खाली पोहोचणे हे तिचे सूत्र होते. पुढे हेच सूत्र होड्यांच्या व मोटारींच्या खेळांनीही स्वीकारले.

मोटारींच्या या खेळाला निरनिराळ्या देशांत निरनिराळी नावे आहेत. जर्मनीत त्याला स्लॅलम म्हणतात. अमेरिकेत 'ऑटोक्रॉस' किंवा 'सोलो' ही नावे रूढ आहेत. ब्रिटनमध्ये 'ऑटोक्रॉस' या शब्दाचा अर्थ वेगळा असून तो गवताच्या किंवा मातीच्या मैदानावरील वेगवान स्पर्धेला लावला जातो. शंकूंमधील कौशल्यचाचणीला तेथे 'ऑटोटेस्ट' असे म्हणतात. जपानमध्ये मात्र या खेळाचे नाव 'जिमखाना' असे आहे.

हा शेवटचा शब्द मराठी वाचकाच्या चांगल्या परिचयाचा आहे. तो ब्रिटिशकालीन भारतात घडला. 'गेंदखाना' म्हणजे चेंडूच्या खेळाची जागा. या हिंदुस्तानी शब्दाच्या पूर्वार्धावर इंग्रजीतील व्यायामवाचक शब्दाची छाप पडून 'जिमखाना' हे रूप झाले असावे, असे सामान्यतः मानले जाते. १८८६ साली प्रसिद्ध झालेल्या 'हॉब्सन-जॉब्सन' या अँग्लो-इंडियन शब्दकोशात या शब्दाचा मागोवा १८६१ मधील रुडकीपर्यंत घेतलेला आहे. मुंबईचा बॉम्बे जिमखाना १८७५ मध्ये, तर पुण्याचा डेक्कन जिमखाना १९०६ मध्ये स्थापन झाला. भारतात हा शब्द संस्थेचा व जागेचा वाचक राहिला. इंग्लंडमध्ये तो घोडेस्वारीच्या गमतीच्या खेळांसाठी वापरात आला. रांगेत रोवलेल्या काठ्यांमधून घोडा नागमोडी नेणे हा त्या खेळांपैकी एक होता. घोड्याची जागा मोटारीने घेतल्यावर शब्दही मोटारीबरोबर गेला.

इतिहास

जुन्या मोटारींच्या मंडळांचा इतिहास ब्रिटनमध्ये १९३० च्या दशकापासून सुरू होतो. १९३४ मध्ये तेथे व्हिंटेज स्पोर्ट्स-कार क्लब स्थापन झाला. नवी महागडी मोटार घेणे परवडत नसलेले, परंतु जुन्या मोटारींच्या बांधणीवर प्रेम करणारे लोक तिच्या स्थापनेमागे होते. १९३० अखेरपर्यंत तयार झालेल्या मोटारींना 'व्हिंटेज' म्हणण्याची प्रथा या मंडळामुळे दृढ झाली. शर्यती, डोंगरचढणी व चिखलातील चाचण्या यांबरोबरच शंकू आणि खुणांमधून मोटार हाकण्याच्या चाचण्याही हे मंडळ घेते. सरे परगण्यातील ब्रुकलँड्स येथे नववर्षाच्या सुमारास होणाऱ्या चाचण्या विशेष प्रसिद्ध आहेत. १९०७ मध्ये खुला झालेला तेथील मार्ग हा मोटारशर्यतींसाठी मुद्दाम बांधलेल्या जगातील आरंभीच्या मार्गांपैकी एक होय.

दुसऱ्या महायुद्धानंतर या खेळाचा प्रसार वाढला. युद्धासाठी बांधलेल्या अनेक धावपट्ट्या रिकाम्या पडल्या होत्या. विस्तीर्ण, सपाट व रहदारीपासून दूर असलेली ही जागा मोटारक्रीडेला सोयीची ठरली. अमेरिकेत १९४४ मध्ये स्पोर्ट्स कार क्लब ऑफ अमेरिका ही संस्था स्थापन झाली. एमजी टीसी यांसारख्या छोट्या ब्रिटिश मोटारींनी त्या काळात अमेरिकन हौशी चालकांना भुरळ घातली. या मोटारींचे इंजिन लहान, पण अंग हलके व चपळ होते. लांब सरळ रस्त्यावर त्या अमेरिकन मोटारींपुढे टिकत नसत. वळणांच्या मार्गावर मात्र चित्र पालटत असे. सुट्टीच्या दिवशी मोकळ्या असणाऱ्या वाहनतळांवर शंकू मांडून स्पर्धा घेण्याची पद्धत पुढे तेथे रूढ झाली.

आज हा खेळ आधुनिक मोटारींसाठीही खेळला जातो. तथापि क्लासिक मोटारींच्या मंडळांनी त्याचे हौशी व स्नेहमेळाव्याचे रूप विशेषत्वाने टिकवून ठेवले आहे.

मार्गाची आखणी

मार्ग आखण्याचे काम अनुभवी सभासदाकडे सोपवले जाते. सामान्यतः त्यात पुढील घटक असतात:

• सरळ रांग: समान अंतरावर मांडलेल्या शंकूंना आळीपाळीने डावीकडून व उजवीकडून वळसा घालणे.
• द्वार: दोन शंकूंमधील मोकळ्या जागेतून मोटार नेणे. द्वार अरुंद असल्यास आपल्या मोटारीच्या रुंदीचा नेमका अंदाज लागतो.
• पूर्ण वळसा: एकाच शंकूभोवती फिरून उलट दिशेला निघणे.
• खण: शंकूंनी आखलेल्या चौकोनात शिरून थांबणे व मागे येणे. हा घटक ब्रिटिश ऑटोटेस्टमध्ये विशेष आढळतो.
• समाप्तिरेषा: काही स्पर्धांत मोटार रेषेवर अशी थांबवावी लागते, की पुढची चाके रेषेच्या पलीकडे व मागची अलीकडे राहतील.

प्रत्येक शंकूच्या बुडाभोवती खडूने चौकट काढलेली असते. शंकू पडला किंवा संपूर्णपणे चौकटीबाहेर सरकला तर दंड होतो. तो हलला, पण उभा राहून चौकटीला टेकून राहिला, तर अमेरिकन नियमांनुसार दंड नसतो. कोणत्या बाजूने जायचे हे दाखवण्यासाठी उभ्या शंकूशेजारी एखादा शंकू बाणासारखा आडवा ठेवतात.

स्पर्धेपूर्वी सर्व चालक मार्गावरून पायी फिरतात. ही पायी फेरी अत्यंत महत्त्वाची असते, कारण बसल्या जागेवरून पाहताना शंकूंचा समूह गोंधळात टाकतो व वाट चटकन उमगत नाही. अनुभवी चालक चालताना कोठे ब्रेक लावायचा, कोणत्या वळणाला वेग राखायचा आणि कोणते वळण पुढच्या लांब टप्प्याकडे नेते, हे मनाशी ठरवून ठेवतात.

वेगाचे गणित

वळणावर मोटारीला मार्गावर धरून ठेवण्याचे काम टायर व जमीन यांच्यातील घर्षण करते. त्यासाठी लागणारे बल वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. वेग ताशी ४० किलोमीटरवरून ५० वर नेला, तर वेगातील वाढ २५ टक्के असते. परंतु त्याच वळणासाठी लागणारे बल सुमारे ५६ टक्क्यांनी वाढते. म्हणून थोडासा जादा वेगही मोटार मार्गाबाहेर फेकण्यास पुरेसा होतो.

मोटारीच्या रुंदीचा परिणाम एका उदाहरणाने स्पष्ट होईल. शंकू १५ मीटर अंतरावर मांडले आहेत आणि मोटार त्यांच्यामधून लाटेसारख्या एकसारख्या वक्राने जात आहे, असे समजू. मोटारीची कड व शंकू यांत ३० सेंटिमीटर मोकळी जागा ठेवायची आहे. १.८ मीटर रुंदीच्या आधुनिक मोटारीचा मध्य शंकूंच्या रेषेपासून दोन्ही बाजूंना १.२ मीटर सरकावा लागतो. तिच्या वक्राची सर्वांत लहान त्रिज्या सुमारे १९ मीटर येते. १९५९ मध्ये बाजारात आलेली मिनी ही मोटार १.४१ मीटर रुंद आहे. तिला रेषेपासून जेमतेम १ मीटर सरकले की पुरते व त्रिज्या सुमारे २३ मीटर मिळते. आधुनिक टायरची पकड मोटारीच्या वजनाच्या ०.८ पट आणि जुन्या मोटारीची ०.७ पट धरली, तर पहिलीला ताशी सुमारे ४४ व दुसरीला ताशी सुमारे ४५ किलोमीटर वेग गाठता येतो. टायर कमी प्रतीचे असूनही अरुंद मोटार मागे पडत नाही. लहान, जुन्या मोटारी या खेळात अनेकांना चकित करतात, त्याचे एक कारण हे आहे.

गुणांकन व वर्गवारी

दंडाचे नियम संघटनेनुसार बदलतात. अमेरिकेत प्रत्येक शंकूमागे २ सेकंद मिळवले जातात व मार्गातील एखादे द्वार चुकल्यास ती फेरी बाद ठरते. जर्मनीतील स्पर्धांत सामान्यतः शंकूमागे ३ सेकंद, तर चुकलेल्या द्वारामागे १५ सेकंद धरतात. संपूर्ण फेरी बहुधा मिनिटभराच्या आसपास संपत असल्याने दोन-तीन सेकंदांचा दंडही निर्णायक ठरतो. त्यामुळे बेफाम चालवणाऱ्यापेक्षा नेटकेपणाने चालवणारा स्पर्धक पुढे राहतो.

१९३० ची व १९७५ ची मोटार एकाच स्पर्धेत आल्यास न्याय कसा करायचा, हा मंडळांपुढील नेहमीचा प्रश्न असतो. त्यावर तीन उपाय प्रचलित आहेत. पहिला उपाय म्हणजे वय, इंजिनाचा आकार व टायरचा प्रकार यांनुसार गट पाडणे. दुसऱ्या उपायात प्रत्येक गटाला एक गुणक देऊन वेळेला त्याने गुणले जाते. उदाहरणार्थ, ६० सेकंदांच्या फेरीला ०.८० हा गुणक लावल्यास ४८ सेकंद ही तुलनेची वेळ मिळते.

तिसरा उपाय सातत्यावर आधारलेला असून जुन्या मोटारींच्या मंडळांत तो विशेष प्रिय आहे. त्यात चालकाने दोन फेऱ्या करायच्या असतात आणि ज्याच्या दोन्ही वेळांत कमीत कमी फरक असेल तो विजयी ठरतो. समजा, एका चालकाने ६१.२ व ६१.५ सेकंदांत, तर दुसऱ्याने ४८.० व ४९.१ सेकंदांत फेऱ्या पूर्ण केल्या. येथे संथ असूनही पहिला चालक जिंकतो. या पद्धतीत मोटारीला तिच्या मर्यादेपलीकडे ताणण्याचा मोह उरत नाही.

जुन्या मोटारींच्या मर्यादा

जुनी मोटार या खेळात उतरवताना तिच्या रचनेची माहिती असणे आवश्यक ठरते. पुढील बाबी महत्त्वाच्या मानल्या जातात.

टायर: मिशेलिन कंपनीने १९४६ मध्ये रेडियल टायरचे पेटंट घेतले; परंतु त्यानंतरही अनेक वर्षे बहुसंख्य मोटारींना जुन्या पद्धतीचे क्रॉस-प्लाय टायर असत. ते वळणावर अधिक वाकतात व त्यांची पकड कमी असते. शिवाय न वापरलेले रबरही वयोमानाने कडक होते. नक्षी खोल दिसत असली तरी असा टायर धोक्याचा असतो.

ब्रेक: जुन्या मोटारींना बहुधा चारही चाकांवर ड्रम ब्रेक असतात. वारंवार वापराने ते तापतात व त्यांचा जोर तात्पुरता ओसरतो. म्हणून दोन फेऱ्यांमध्ये विश्रांती दिली जाते.

चाके व धुरा: लाकडी आऱ्यांची चाके आडव्या ताणाने सैल होऊ शकतात. फोक्सवॅगन बीटलच्या जुन्या आवृत्तीत मागील धुरा दोन भागांत झुलणारी होती. जोरात वळताना चाक आत दुमडून मोटारीचा मागचा भाग वर उचलला जाण्याची शक्यता तिच्यात असते.

तेल व पेट्रोल: लांब वळणावर इंजिनातील तेल एका बाजूला लोटले जाते. तेल खेचणारे तोंड त्यामुळे क्षणभर उघडे पडले, तर बेअरिंगपर्यंत तेल पोहोचत नाही व इंजिनाची गंभीर हानी होऊ शकते. कार्ब्युरेटरमधील पेट्रोलही असेच एका बाजूला जाऊन इंजिन गचके खाते.

गिअर: काही मोटारींत गिअरची दांडी स्टिअरिंगच्या खांबावर असते. मुंबईतील कुर्ला येथील कारखान्यात तयार होणाऱ्या फियाट ११०० व पुढच्या प्रीमियर पद्मिनी या मोटारींमुळे ही रचना भारतीय चालकांच्या परिचयाची आहे. वळण व गिअर एकाच वेळी सांभाळताना अशा मोटारीत हातांची चांगलीच परीक्षा होते.

सुरक्षितता

समोरासमोर मोटारी नसणे व वेग कमी असणे ही या खेळाची मुख्य सुरक्षितता आहे. तरीही नियम काटेकोर असतात. स्पर्धेपूर्वी प्रत्येक मोटारीची तपासणी होते. चाकांचे नट घट्ट आहेत का, बॅटरी पक्की बसवली आहे का, पाय उचलताच अ‍ॅक्सिलरेटर पूर्वस्थितीत येतो का आणि तेल किंवा पेट्रोल गळत नाही ना, हे पाहिले जाते. आतील सुट्या वस्तू काढून ठेवाव्या लागतात. शिरस्त्राण बहुतेक ठिकाणी सक्तीचे असते. व्होल्वो कंपनीचे अभियंते निल्स बोलिन यांनी रचलेला तीन बिंदूंचा सुरक्षापट्टा १९५९ मध्ये मोटारीत आला. त्यापूर्वीच्या पुष्कळ मोटारींत पट्ट्याची सोयच नव्हती. अशा मोटारींसाठी मार्ग अधिक संथ आखणे हाच खात्रीचा उपाय ठरतो.

मार्ग भिंती, दिव्यांचे खांब व प्रेक्षक यांच्यापासून दूर ठेवला जातो. शंकू उचलणारे स्वयंसेवक ठरलेल्या जागी, मोटारीकडे तोंड करून उभे राहतात. त्यांच्या हातात लाल निशाण असते. ते दिसताच चालकाने मोटार थांबवायची असते. आधीच्या मोटारीने पाडलेला शंकू वेळेत उभा न राहिल्यास पुढच्या चालकाला पुन्हा फेरी मिळते.

स्पर्धेचे मैत्रीपूर्ण स्वरूप

अशा स्पर्धांत प्रवेशशुल्क बेताचे असते व बक्षीस म्हणून लहानसा चषक दिला जातो. स्पर्धकांनीच स्वयंसेवक होणे ही या खेळाची खूण आहे. एक गट मोटारी चालवत असताना दुसरा गट शंकू उभे करतो, वेळ नोंदवतो व मोटारींना क्रमाने रांगेत लावतो. मग कामांची अदलाबदल होते. एखाद्याची मोटार बिघडल्यास प्रतिस्पर्धीच हत्यारपेटी घेऊन मदतीला येतो. जुन्या मोटारींचे सुटे भाग दुर्मीळ असल्याने कोणता भाग कोठे मिळेल व कोण दुरुस्त करून देईल, ही माहिती अशा भेटींतच हातोहात पोहोचते. कार्ब्युरेटर कानाने जुळवणारे जुने कारागीर आणि नवशिके सभासद यांची गाठही येथेच पडते.

जतन आणि वापर यांविषयीचे मतभेद

जुनी मोटार खेळात उतरवावी की नाही, यावर संग्राहकांत एकमत नाही. मूळ भाग एकदा तुटला की तो परत मिळत नाही, म्हणून दुर्मीळ मोटारींवर असा ताण देऊ नये, असे एक मत आहे. मोटार हे चालण्यासाठी घडवलेले यंत्र असून तिची चाल, आवाज व वळण्याची ढब हाही वारशाचा भाग आहे, असे दुसरे मत आहे. उभ्या मोटारीचेही नुकसान होतच असते. पेट्रोल शिळे होते, ब्रेकचे तेल हवेतील ओलावा शोषते, आतून गंज चढतो, रबरी सील सुकतात आणि टायर एकाच बाजूला चपटे होतात.

ऐतिहासिक वाहनांचा आंतरराष्ट्रीय महासंघ (फिवा) १९६६ मध्ये स्थापन झाला. किमान ३० वर्षे जुन्या, मूळ स्वरूपात राखलेल्या व दैनंदिन वाहतुकीसाठी न वापरल्या जाणाऱ्या वाहनाला तो ऐतिहासिक मानतो. २०१२ मध्ये त्याने स्वीकारलेल्या ट्यूरिन सनदेत जतनाबरोबरच वाहनांच्या योग्य वापरालाही महत्त्व दिले आहे. स्लॅलम स्पर्धा ही या दोन मतांमधील तडजोड म्हणता येईल. तीत मोटार खरोखर चालते, परंतु वेग कमी, अंतर थोडे व मार्ग मोकळा असल्यामुळे धोका आटोक्यात राहतो. अतिदुर्मीळ मोटारीचा मालक सातत्याच्या गटात उतरून ताण आणखी कमी करू शकतो.

भारतातील स्थिती

भारतात जुन्या मोटारींचे मेळावे मुख्यतः मिरवणूक, प्रदर्शन व उत्तम जतनाची स्पर्धा या स्वरूपात होतात. मुंबईतील व्हिंटेज मोटारींच्या फेऱ्या पाहण्यासाठी मोठी गर्दी लोटते. मोटारक्रीडेचे नियमन फेडरेशन ऑफ मोटर स्पोर्ट्स क्लब्स ऑफ इंडिया ही संस्था करते.

केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये मोटार वाहन नियमांत दुरुस्ती करून व्हिंटेज वाहनांच्या नोंदणीची स्वतंत्र तरतूद केली. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांहून अधिक काळ लोटलेली व मूळ रचनेत मोठा बदल न केलेली दुचाकी आणि चारचाकी वाहने तिच्या कक्षेत येतात. त्यांच्या नोंदणीक्रमांकात राज्याच्या संकेताक्षरांनंतर 'व्हीए' ही अक्षरे येतात. नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये व मुदत १० वर्षे आहे. अशी वाहने नित्याच्या किंवा व्यावसायिक वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाहीत. प्रदर्शन, तांत्रिक संशोधन, व्हिंटेज रॅली, इंधन भरणे व देखभाल यांसाठी मात्र ती चालवता येतात.

ऑक्टोबर २०२३ मध्ये प्रीमियर पद्मिनी मुंबईच्या टॅक्सीसेवेतून निवृत्त झाली. एकेकाळी शहराच्या प्रत्येक चौकात दिसणारी मोटार तेव्हापासून संग्राहकांच्या आस्थेचा विषय बनली आहे. पद्मिनीसारखी अरुंद व हलकी मोटार शंकूंच्या मार्गाला अनुरूप आहे, आणि तिला सांभाळणारे कारागीरही अद्याप मुंबईत आढळतात. जी मोटार अधूनमधून चालवली जाते तिच्यासाठी टायर, सुटे भाग व दुरुस्ती यांची मागणी टिकून राहते. त्या मागणीबरोबर ती दुरुस्त करण्याची विद्याही टिकते. जुन्या मोटारींच्या मंडळांनी या साध्या खेळाला एवढे महत्त्व देण्यामागील हेच प्रमुख कारण आहे.